लिंकमधला नंबर ५७ चा ५६ केला तर कोणाचा अर्ज उघडतो?

जकात-फितऱ्याची पावती, पोरांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बैतुलमालकडे मदतीची मागणी, रिश्त्यासाठी दिलेला बायोडाटा. पूर्वी हे सगळं कमिटीच्या रजिस्टरमध्ये असायचं आणि रजिस्टर कपाटात. आता कित्येक ठिकाणी हे काम वेबसाइटवर गेलं आहे. बहुतेक वेळा गावातलाच एखादा होतकरू पोरगा ती बनवून देतो. चांगली गोष्ट आहे. पण मोबाईलवर आलेल्या लिंकचा शेवट जरा बघा. तिथे ५७ असा नुसता नंबर असेल, तर कोणीही त्याचा ५६ करून पाहू शकतो.

समजा ५६ नंबरचा अर्ज एका विधवा बहिणीचा आहे. त्यात तिचं घरभाडं, आजारपण, बँकेचा खाते नंबर आहे. किंवा ५६ म्हणजे एखाद्या मुलीचा फोटो आणि वडिलांचा फोन नंबर. मदत घेणाऱ्याची इज्जत झाकली जावी म्हणून आपल्याकडे एवढी काळजी घेतात, आणि इथे एक आकडा बदलला की सगळं उघडं.

हे नंबर येतात कुठून? डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीला आपोआप १, २, ३ असा क्रमांक देतो. त्याच्या आतल्या कामासाठी ते उत्तमच. पण क्रमाने चालणारा नंबर बाहेर गेला की बोलू लागतो. एमएच ३४ म्हणजे चंद्रपूर, एमएच ३३ म्हणजे गडचिरोली हे आपल्याला ठाऊक असतं. पुढची अक्षरं पाहून गाडी नवी की जुनी हेही जाणकार सांगतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी पकडलेल्या जर्मन रणगाड्यांवरच्या अनुक्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज काढला होता. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज १५५० रणगाड्यांचा होता, क्रमांकांवरून आलेला ३२७, आणि युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदीत आकडा निघाला ३४२. तेव्हा सकाळची पावती ५७ आणि संध्याकाळची ९० असेल, तर दिवसभरात किती देणगीदार आले हे कोणीही सांगेल.

आकडा बदलून दुसऱ्याचे कागद बघण्याचे प्रकार मोठमोठ्या ठिकाणी झालेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या वेबसाइटवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचे घरखरेदीचे कागद दिसत होते. अशा सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी उघड्या होत्या. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलमधली अशीच चूक समोर आली. लॉगिन केलेल्या माणसाने आपल्या पॅनच्या जागी दुसऱ्याचा पॅन घातला की त्याची माहिती दिसत होती. नंतर ती दुरुस्त झाली. पॅन काही १, २, ३ असा ओळीने नसतो. म्हणजे नंबर अवघड असणं पुरेसं नाही. मागणारा माणूस कोण आहे हे प्रत्येक वेळी तपासणं, हेच खरं कुलूप. ते आधी लावा.

कुलूप लावल्यावर नंबरावर नकाब घालायचा. त्याची एक युक्ती मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवरही करून बघता येते. मूळ नंबरला ७१४३ ने गुणा आणि उत्तराचे शेवटचे चारच अंक ठेवा. १ चा होतो ७१४३, २ चा ४२८६, ३ चा १४२९. आपल्या ५७ चा ७१५१, ५८ चा ४२९४. बाहेरच्याला यातून क्रम दिसत नाही. आता परत यायचं असेल तर ७ ने गुणा आणि पुन्हा शेवटचे चार अंक घ्या: ७१५१ गुणिले ७ म्हणजे ५००५७, शेवटी उरले ००५७. कारण ७ गुणिले ७१४३ होतात ५०००१, आणि त्याचे शेवटचे चार अंक ०००१. एक गुणाकार दुसऱ्याला पुसून टाकतो. वेगळा तक्ता ठेवायची गरज नाही, आणि दोन अर्जांना एकच नंबर कधी येत नाही. मात्र गुणक २ किंवा ५ ने भागला जाणारा नको. नुसत्या ५ ने गुणलं तर १ आणि २००१ दोघांचाही ०००५ होतो. मग पावती कोणाची?

चार अंकांत दहा हजारच नंबर मावतात, म्हणून प्रत्यक्षात २१४ कोटींपर्यंतचे आकडे वापरतात. शिवाय नुसता गुणाकार कच्चा आहे. ओळीने आलेल्या दोन पावत्यांतलं अंतर नेहमी सारखंच राहतं, हुशार माणूस त्यावरून गुणक काढेल. म्हणून वर एक्सऑर नावाची क्रिया करतात. तोच गुप्त आकडा दुसऱ्यांदा लावला की मूळ नंबर परत येतो. पीएचपीमध्ये ऑप्टिमस नावाची तयार लायब्ररी हेच करते. अक्षरांचा छोटा कोड हवा असेल तर स्क्विड्स आहे, जिचं आधीचं नाव हॅशिड्स. तरी जिद्दी माणसापुढे यातलं काहीच टिकत नाही, हे मान्य करूनच वापरायचं.

मग सरळ लांबलचक यूयूआयडी का नको? तो जास्त भक्कम, पण ३६ चिन्हांचा. भामरागड किंवा सिरोंच्याकडून तुटक्या नेटवर्कवर कोणी कमिटीला फोन करून असला कोड सांगू शकेल का? अंक मराठीत सांगा, तेलुगूत सांगा, लिहून घेता येतात. फोनवर न सांगायच्या गोष्टी, म्हणजे रिश्त्याचे बायोडाटा वगैरे, त्यांना मात्र माझ्या मते यूयूआयडीच द्यावा.

वेबसाइट बनवणाऱ्याला कमिटीने एक गोष्ट समोर करून दाखवायला सांगावी: दुसऱ्याच्या अर्जाची लिंक आपल्या लॉगिनमधून उघडते का? उघडली तर काम अपुरं आहे, नंबर कितीही विचित्र दिसो. आणि गुणक व गुप्त आकडा दोन जबाबदार माणसांकडे लिहून ठेवा. तो पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नव्याने आलेल्याने हे आकडे बदलले, तर आधी वाटलेल्या सगळ्या पावत्यांच्या लिंक बंद पडतील, नाहीतर भलत्याच पावतीकडे जातील.