रांगायला शिकवलेली जीप

ऊसगाळपाचा हंगाम लागला की तेलगावच्या चौकात ट्रॅक्टरशिवाय दुसरं काही नजरेत भरत नाही. बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात, लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना जवळच, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग दिवसरात्र चालू. त्या रांगेतून वाट काढत मधूनच एखादी थार येते. मडगार्डच्या बाहेर आलेले रुंद टायर, टपावर दिव्यांची पट्टी, पुढं जाड लोखंडी बंपर, मागच्या काचेवर देवाचं नाहीतर नेत्याचं नाव. पोरं माना वळवून थारकडं बघतात. खडकावर गाडी चढवण्याची विद्या मात्र त्या गर्दीत कुणाला जास्त येत असेल, तर ती ट्रॅक्टरवाल्याला. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढताना तो दोनच गोष्टी करतो. सगळ्यात हळू गिअर टाकतो आणि डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबून धरतो. रॉक क्रॉलिंगसाठी जीपमध्ये जे बदल करतात त्यांचा गाभा एवढाच आहे. उरलेलं पुष्कळसं चौकात मिरवण्यापुरतं.

दगडधोंड्यांवरून गाडी अक्षरशः रांगत नेण्याचा हा खेळ अमेरिकेतला. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या रुबिकॉन वाटेवर १९५३ साली जीपवाल्यांचा पहिला मोठा जथा निघाला. युटा राज्यातल्या मोआबला ईस्टरच्या सुट्टीतली जीप सफारी १९६७ पासून भरते. आपल्याकडं गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी सुरू झाली. तिथं चिखल, ओढे आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेनं ओढून काढणारी चरखी, यांचं राज्य असतं. चिखलात वेग कामाला येतो. खडकावर वेग आला की काहीतरी तुटतं.

या खेळाला लागणारं यंत्र आपल्याकडं फार आधीपासून आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढं सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत बंद झाल्यावरही इथं कितीतरी वर्षं बनत राहिलं. त्याच घराण्यातल्या एमएम ५४० आणि ५५० पोलिसांकडं आणि सरकारी खात्यांकडं राबल्या आणि लिलावात निघून गावोगाव पोचल्या. खडकावर जाणाऱ्याला आजही या म्हाताऱ्या गाड्या हव्याशा वाटतात. कारण साधं आहे: पुढं-मागं अखंड एक्सल आणि चारी चाकांना पाटे. एक चाक दगडावर उचललं गेलं की त्याच एक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जातं. नाशिकला बनणाऱ्या २०२० च्या थारमध्ये मागचा एक्सल अखंड आहे, पण पुढची चाकं सुटी-सुटी टांगलेली आहेत. हायवेवर त्याचं सुख मिळतं, धोंड्यांवर पुढचं चाक लवकर हवेत लटकतं. मारुतीची जिप्सी पाट्यांवरची आणि वजनानं हजार किलोच्या आसपास, म्हणून तिचे भक्त वेगळेच.

आता हळू म्हणजे किती हळू, ते बघू. मूळ सीजे-३बीचा पहिला गिअर २.७९८, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअर २.४६ आणि एक्सलमधला क्राऊन-पिनियनचा हिशेब ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर फुरफुरत असेल आणि टायर २८ इंची असेल, तर गाडी तासाला अडीच किलोमीटरनं सरकते. पायी चालणारा माणूस तिला सहज मागं टाकेल. तरीही हे खेळवाल्यांना जास्त वाटतं. ते ट्रान्सफर केसचे गिअर बदलतात, एक्सलमध्ये जड क्राऊन-पिनियन बसवतात आणि हा आकडा साठ, ऐंशी, शंभरापर्यंत नेतात. शंभरावर तीच जीप ताशी एक किलोमीटरच्याही आत येते. पायाखालचा दगड हलतोय की घट्ट आहे हे ड्रायव्हरला तेव्हाच कळतं, आणि क्लचला हात-पाय न लावता गाडी धोंड्यावर चढते, उतरते.

इथंच चौकातल्या थारची गफलत होते. मोठं टायर लावणं म्हणजे गिअर उंच करणं. २८ च्या जागी ३३ इंची टायर आलं की परीघ १८ टक्क्यांनी वाढतो, आणि कमावलेला हळूपणा तेवढाच हातचा जातो. ब्रेकवर आणि एक्सलच्या दांड्यांवर ताण वाढतो तो वेगळाच. त्यामुळं जाणता मिस्त्री टायरच्या आधी क्राऊन-पिनियनचं बोलतो. गिऱ्हाईक मात्र टायर आधी मागतं, कारण क्राऊन-पिनियन कुणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट लॉक. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून डिफरन्शियल असतं. पण त्याची खोड अशी, की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. गाडी जागच्या जागी चाक गरागरा फिरवत बसते. म्हणजे साधी फोर व्हील ड्राइव्ह जीपसुद्धा पुढचं एक आणि मागचं एक चाक उचललं गेलं की हतबल होते. थारच्या काही मॉडेलांत मागं असं डिफरन्शियल येतं की चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपोआप जखडतं. खडकावर त्याहून चालकाच्या हुकमातला लॉक बरा, हवेच्या दाबानं किंवा केबलनं चालणारा, कारण चाक निसटण्याआधीच तो लावता येतो. काही गॅरेजांत स्वस्तातला मार्ग म्हणून डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगनं जाम करतात. अशी गाडी खडकावर चढते, पण डांबरी वळणावर टायर घासत जातात आणि शाफ्ट कधीतरी जवाब देतो. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंचीबद्दलही गैरसमज फार. पाट्याला चॅसीशी जोडणारे शॅकल लांब घातले की गाडी थोडी उचलली जाते, आणि पाटे एक्सलच्या खालून काढून वरती बसवले की चांगली पाच इंच. उचललं जातं ते धूड. डिफरन्शियलचं हाउसिंग, जे आधी दगडाला लागतं, ते होतं तिथंच राहतं. ते वर न्यायला टायरच मोठं लागतं, आणि पाच इंच मोठ्या टायरनं मिळतात फक्त अडीच इंच. वर गाडी उंचावली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, शाफ्टच्या टोकाचा जॉइंट क्रॉस कुरकुरतो, स्टिअरिंग हलकं आणि भटकं होतं, आणि आडव्या उतारावर पोटात गोळा येतो.

सगळ्यात स्वस्त बदलाला पाना-हातोडाही लागत नाही. टायरमधली हवा तीस पौंडांवरून पंधरा-अठरावर आणली की टायर दगडाचा आकार घेऊन चिकटतो आणि जमिनीवरचा ठसा लांबतो. फक्त रस्त्यावर यायच्या आधी ती परत भरायची. कमी हवेत वेगानं पळवलं तर टायर तापून फुटतो.

तेलगावाहून धारूरकडं निघालं की बालाघाटाचा घाट लागतो, आणि आपला खडक कसा आहे ते रस्त्याच्या कापात दिसतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. कठीण थर पायरीसारखे पुढं येतात. काही ठिकाणी बेसाल्ट कांद्यासारखा सोलत झिजतो आणि मुरमात गोल धोंडे मोकळे पडतात. मोआबचा वालुकाश्म टायरला धरून ठेवतो. आपला काळा दगड पहिल्या पावसानंतर शेवाळतो, आणि गोल धोंडा तर चाकाखालून सटकतोच. परदेशी व्हिडिओ बघून केलेली जीप इथं फसते ती यामुळं. आपल्याकडं पोटाखाली जाड पत्रा, म्हणजे स्किड प्लेट, आणि दारांखाली मजबूत नळी हीच आधीची गरज. आणि वनखात्याच्या हद्दीत किंवा किल्ल्याच्या उतारावर गाडी घालायची नाही. खाजगी जमीन, मालकाची परवानगी घेऊन.

या कामाला अंत नाही, कारण एक जागा पक्की केली की पुढची तुटते. मोठं टायर लावलं की शाफ्ट तुटतो, जाड शाफ्ट घातला की हब जातो, हब बदलला की क्राऊनचे दात. म्हणून बरेच जाणते लोक एक दुवा मुद्दाम कच्चा ठेवतात, जो डोंगरात तासाभरात बदलता येईल असा. बहुतेकदा जॉइंट क्रॉस.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. पुढचे लोखंडी गार्ड तर डिसेंबर २०१७ पासूनच केंद्रानं बंद केलेत. खडकासाठी खरोखर कापून-जोडून केलेली जीप रस्त्यावर चालवायची नसते. ती ट्रकवर किंवा ट्रेलरवर टाकून नेतात.

तिथं पोचल्यावर ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा असतो तो पुढं दगडावर उभा राहून हातानं खुणा करणारा माणूस. बॉनेटपलीकडचं चाक ड्रायव्हरला दिसत नाही, याला दिसतं. एकाच माणसानं खुणा करायच्या, बाकीच्यांनी गप्प बसायचं. गाडी ओढताना विंचच्या तारेवर जाड कापड टाकायचं, म्हणजे तुटली तर ती खाली पडेल, आणि तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. पट्टा बांधायचा. जुन्या, पॉवर नसलेल्या स्टिअरिंगवर अंगठे आतल्या आऱ्यांमध्ये अडकवायचे नाहीत, वरच्या वर ठेवायचे. चाक दगडाला लागून फिरलं की स्टिअरिंग झटक्यानं उलटं येतं आणि अंगठा मोडतो.