दिवा लागला, दोष कोठे?

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढताना आमच्या मोटारीतील इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. स्थिर दिवा सवडीने तपासणी सुचवितो. लुकलुकणारा मात्र गाडी तत्काळ थांबवावी असे बजावीत असतो. सिलिंडरात न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरात जळून त्या महागड्या भागाचा नाश करिते. गाडी ओढवून पोलादपुरास आणविली. मिस्त्रीने यंत्र जोडताच संकेतांक उमटला, ‘पी ०३०१’, म्हणजे पहिल्या सिलिंडरात ज्वलन चुकते. आम्ही लागलीच नवा प्लग आणावयास महाडास निघालो! परंतु संकेतांक दोषाचे ठिकाण सांगतो, कारण नव्हे. मिस्त्रीने पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांच्या कॉइलींची अदलाबदल केली, जुनी नोंद पुसली व इंजिन चालविले. आता अंक आला ‘पी ०३०२’. दोष कॉइलीबरोबर सरकला होता. तेवढी कॉइलच बदलली. प्लग जुनेच आहेत.