लोखंडी चौकटीचे मत्स्यालय

लोखंडी चौकटीचे मत्स्यालय म्हणजे लोखंडी अँगलच्या सांगाड्यात काचा बसवून तयार केलेली मासे पाळण्याची टाकी होय. सिलिकॉनचा वापर रूढ होण्यापूर्वी घरगुती टाक्या बहुधा अशाच बनवल्या जात.

रचना : वेल्डिंगने जोडलेल्या चौकटीला गंजरोधक रंग देतात. तो पूर्ण वाळल्यावर आतून लांबी थापून आधी तळाची व नंतर बाजूंच्या काचा बसवतात. शिसेयुक्त शेंदूर मिसळलेली लांबी माशांना विषारी ठरू शकते.

पाण्याचा दाब : दाब पाण्याच्या खोलीनुसार वाढतो. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच टाकीत ५४ लिटर पाणी मावते आणि समोरच्या काचेवर सुमारे २७ किलो भार येतो. उंची दुप्पट केल्यास हा भार चौपट, म्हणजे १०८ किलो होतो. त्यामुळे उंच टाकीला जाड काच लागते.

गळती : भरलेल्या टाकीत पाण्याच्या दाबाने काच लांबीवर घट्ट बसते. टाकी दीर्घकाळ रिकामी राहिल्यास लांबी वाळून तडकते. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात टंचाईमुळे उन्हाळ्यात रिकामी ठेवलेली टाकी पावसाळ्यात पुन्हा भरताच गळू शकते. त्यावर उपाय म्हणून आतील सांधे कोरडे व स्वच्छ करून मत्स्यालयासाठीचे सिलिकॉन भरतात. ते पूर्ण सुकल्यावर टाकी घराबाहेर भरून तपासतात व त्यानंतरच मासे सोडतात. टाकीतून काढलेले गोडे पाणी झाडांना घालता येते.