दुखवट्यांतील दिवाळी

दिवाळी आली कीं आनंदी दिसणें हें प्रत्येक घराचें जणूं कर्तव्यच होऊन बसतें. पण ज्या घरांतून वर्षाच्या आंत कोणी गेलेलें असतें, तेथील माणसांनीं ह्या दिवसांत आपलें मनःस्वास्थ्य कसें सांभाळावें? अशा घरीं फराळाची कढई चढत नाहीं. आप्त व शेजारी ताट भरून आणून देतात. ही चाल मला शहाणपणाची वाटते. शोकाकुल माणसावर उत्सवाची सक्ति नाहीं, आणि त्यास वाळींतही टाकलेलें नाहीं. मात्र अलीकडे ताट दाराशीं पोंचतें आणि देणारी व्यक्ति जिन्यावरूनच परतते. (दुकानांतून परस्पर पाठविलेल्या डब्याविषयीं तर बोलावयासच नको!)

आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंचे यजमान श्रावणांत वारले. दिवाळीच्या तोंडावर त्यांची सून मला म्हणाली, "काकू, आईंच्या समोर बाबांचें नांवही आम्ही काढीत नाहीं, त्यांना त्रास होईल." मी त्यांनाच आमच्याकडे करंज्या करूं लागण्यास बोलाविलें. स्वतःच्या घरीं तळण नाहीं. पण दुसऱ्याकडे हात लावण्यास हरकत कोणाची? करंज्यांच्या कडा कातरतां कातरतां त्या आपण होऊनच बोलूं लागल्या. यजमान करपलेल्या चकल्या स्वतः खात आणि चांगल्या पाहुण्यांसाठीं ठेवावयास सांगत. त्या हंसल्या, मग रडल्या, आणि पुन्हां कामाला लागल्या. नांव टाळल्यानें दुःख टळत नाहीं. तें एकट्यानें वागवावें लागतें, एवढेंच.

अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०२२ सालीं आपल्या निदानग्रंथांत 'दीर्घकालीन शोक' ही व्याधि घातली. तींत प्रौढांसाठीं मृत्यूनंतर किमान एक वर्षाची अट आहे. आपलें वर्षश्राद्धही तेव्हांच येतें, हा योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. पण मदतीसाठीं वर्षभर थांबावें, असा ह्याचा अर्थ नव्हे. झोंप व अन्न तुटलें, जगणें नकोसें झाल्याची भाषा येऊं लागली, तर सण आटोपण्याची वाट न पाहतां डॉक्टरांस गांठावें. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठींतूनही, विनामूल्य बोलतां येतें.

पतीस ओवाळण्याच्या पाडव्याची त्या सुनेस मोठी धास्ती होती. अखेर तिनें सरळच विचारलें, "आई, आज काय करावें असें तुम्हांला वाटतें?"

"ह्यांच्या तसबिरीशीं घटकाभर बसतें," त्या म्हणाल्या. "तूंही बैस."