पाजलेले औषध मेंढरांना लागू पडते का?



ऊस तुटून गेला की रानात मेंढरे बसवायची, ही आपली जुनी रीत. पुष्कळ सभासदांच्या दारात स्वतःचीही पाच-पंचवीस मेंढरे असतात. पाटाच्या कडेचे ओले गवत त्यांना गोड लागते, आणि जंताच्या अळ्याही त्याच गवतावर चढून बसतात. या जंतांत हिमाँकस सर्वांत वाईट. तो जठरात राहून रक्त पितो. एकेक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. मेंढराचे डोळे आतून पांढरे पडतात, जबड्याखाली पाणी उतरते.

आपण बाटली आणतो. पाजलं की झालं! गुण आला का, हे बघतो कोण? थायबेंडाझोल १९६१ साली आले आणि १९६४ मध्येच अमेरिकेत त्याला न जुमानणारे जंत सापडले. औषधातून वाचतात ते चिवट, आणि पुढची पैदास त्यांचीच.

तपासणी अवघड नाही. दोन-तीन महिन्यांत जंताचे औषध न दिलेली दहा-पंधरा मेंढरे निवडून खूण करा. पाजण्याच्या दिवशी लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, जमिनीवरच्या नकोत. हवा काढलेल्या पिशवीत, थंड ठेवून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवा. उन्हात अंडी फुटतात आणि मोजदाद चुकते. तिथे मिठाच्या दाट पाण्यात अंडी तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. चौदाव्या दिवशी त्याच मेंढरांच्या लेंड्या पुन्हा द्या. समजा, आधी ग्रॅममागे सरासरी १,००० अंडी होती आणि नंतर २० उरली, तर घट ९८ टक्के, औषध चालले. ३०० उरली तर घट ७० टक्केच. ९५ च्या खाली आकडा आला की संशय घ्यावा. मेंढरू तरतरीत दिसते, एवढ्यावर जाऊ नका. ७० टक्के जंत मेले तरी ते काही दिवस तरतरीत दिसतेच.

मात्र औषधाला नावे ठेवण्याआधी मात्रा बघा. वजन अंदाजाने धरतात, तिथेच घोळ होतो. प्रत्येक मेंढरू काट्यावर घ्या, औषध जिभेच्या मागे सोडा. अर्धी मात्रा म्हणजे पैसे गेलेच, वर चिवट जंतांना तालीम!

दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली देतो. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली. एक हरले तर दुसरे बहुधा हरतेच. लेव्हामिझोल आणि आयव्हरमेक्टिन निराळ्या घराण्यांतली. तेव्हा बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा.

तपासणी पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात मुळात अंडीच थोडी असतील तर घट कशातून काढणार? आणि बाहेरचा कळप रानात बसवताना, मागच्या खेपेला कोणते औषध पाजले होते, तेही धनगरदादांना विचारून ठेवा.