पोट दाबू नका

जबलपूरला नर्मदेवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून एक रबरी पुतळा उताणा निजवला होता. भोवती नावाडी, दिवे-फुलं विकणारी पोरं आणि होमगार्डचे जवान. शिकवणारा पुन्हा पुन्हा बजावत होता, "पेट मत दबाना, भैया." ते ऐकणाऱ्यांना पटत नव्हतं. बुडालेल्याला पालथा घालून पोटातलं पाणी काढायचं, हीच इथली जुनी रीत. पण पोटातलं उलटून आलं तर ते फुप्फुसात जातं, आणि तेवढा वेळ मेंदू प्राणवायूवाचून राहतो. म्हणून श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा. मग छातीच्या मधोमध दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. दर ३० दाबांनंतर दोन श्वास. एक वयस्कर नावाडी पुढे आला. कोपर ताठ ठेवून खांद्यांचा भार सोडायचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. वल्ही मारून आयुष्य गेलेलं.

नर्मदा जयंतीला, संक्रांतीला हा घाट माणसांनी फुलून जातो. आपल्याकडचे परिक्रमावासीही इथे दर्शनाला येतात. वरच्या अंगाला बरगी धरण आहे. त्याला २१ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडले की खाली पाणी चढतं. धरणावरून निघालेला निरोप घाटावरच्या माणसापर्यंत पोचणं आणि १०८ची गाडी पायऱ्यांपाशी यावी म्हणून दुकानांमधली वाट मोकळी राहणं, ही दोन्ही कामं मी आरोग्यव्यवस्थेचीच मानतो. गर्दीत अडकलेल्या गाडीतल्या व्हेंटिलेटरचा कुणाला उपयोग?

आणि गाडी जिथे पोचायची ते रुग्णालय? २२ मे १९९७च्या पहाटे, चारच्या सुमाराला, जबलपूरला भूकंपाचा जबर धक्का बसला. अशा वेळी रुग्णालय स्वतः उभं राहिलं पाहिजे. वीज, पाणी, ऑक्सिजन चालू हवा. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. आपत्ती बाहेरूनच येते असं नाही, हे आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

त्या नावाड्याने विचारलं, एकदम दहा जण बाहेर काढले तर आधी कोण? उत्तर ऐकून सगळे गप्प झाले. ओरडणारा थांबू शकतो, त्याचा श्वास चालू आहे. चालता येणाऱ्यांना एका बाजूला बसवा. आधी निपचित पडलेल्याकडे जा. आईचा आक्रोश कानावर पडत असताना असं वागणं किती अवघड! ते एका दुपारच्या शिकवणीने अंगात मुरणार नाही. दर पावसाळ्याआधी ही सतरंजी पुन्हा अंथरली पाहिजे, नावाड्यांचे फोन नंबर कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लागले पाहिजेत आणि सरावाला आलेल्या दिवसाची बुडालेली मजुरी त्यांना मिळाली पाहिजे.