कॉलेजातील मुलांचा आहार आणि मनाची धास्ती



आपल्या कार्यक्षेत्रातील बरीच मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-कोल्हापुरास खोली घेऊन राहतात. परीक्षा जवळ आली की "छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप येत नाही" असा फोन घरी येतो. आपण म्हणतो, अभ्यासाचं टेन्शन असेल. ते असतेच, पण पोटात काय गेले, हेही विचारले पाहिजे.

सकाळचा नाश्ता चुकवायचा, त्याऐवजी चहा घ्यायचा, रात्री जागायला आणखी दोन-तीन कप, असा अनेकांचा क्रम असतो. चहा-कॉफीतले कॅफीन मेंदूला 'आता दमलास' हा निरोप पोचूच देत नाही. एका कप चहात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले. पण ज्याचा स्वभावच धास्तीचा, त्याला त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही धडधड होते. शिवाय पाच-एक तासांनीही त्यातले निम्मे अंगात शिल्लक राहते. रात्री नऊला घेतलेला चहा पहाटे दोनला पुरता उतरलेला नसतो! एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असते आणि वर भरपूर साखर. साखर कारखान्याच्या अंकात आम्ही हे लिहावे, हे काहींना रुचणार नाही. पण साखर जेवणाची जागा घेऊ शकत नाही, आणि गूळही नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. चुनखडीच्या रानात खोडव्यावर केवडा पडतो. पाने पिवळी दिसली म्हणून नुसता युरिया टाकून भागत नाही, कारण तिथे उणीव लोहाची असते. माणसाचेही तसेच आहे. रक्त कमी असले तरी धडधडते, दम लागतो, चित्त लागत नाही, आणि घरचे म्हणतात पोरगी भित्री आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तेव्हा आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातले लोह अंगी कमी लागते. डाळ-भाजीवर लिंबू पिळले तर जास्त लागते.

पैशाचाही प्रश्न आहे. उसाचे बिल लांबले की काही मुले घरी न सांगता एक वेळची मेस बंद करतात आणि वडापाववर भागवतात. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंदच असतात. मुलगा सुट्टीवरून परत निघाला की भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, नाचणीचे लाडू बरोबर द्या. मोडाची मटकी खोलीवरही करता येते. आणि "जेवलास का" एवढ्यावर न थांबता "काय जेवलास" असे विचारा.

मात्र आहार सुधारला की धास्ती गेलीच, असे नाही. मन अस्वस्थ असले की जेवणही बिघडते. दोन्ही एकमेकांना ओढतात. ऑस्ट्रेलियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७६ तरुणांपैकी काहींचा आहार तीन आठवडे सुधारला, तेव्हा त्यांची उदासीनता इतरांपेक्षा कमी झाली. पण प्रयोग लहान होता.

धास्ती आठवडेच्या आठवडे टिकली, अभ्यास किंवा झोप पार बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक मुलांना आजच कळवावा.